विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास : जमिनीखालच्या गळतीचा शोध कसा घेतला जातो?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिस महानगराला लागून, प्रशांत महासागराच्या काठी सांता मोनिका हे शहर वसलेले आहे. संत ऑगस्टीनची माता संत मोनिका हिच्या नावावरून या शहराला हे नाव मिळाले. १७६९ साली स्पॅनिश प्रवाशांचा एक काफिला या प्रदेशातून चालला असता, तेथील झऱ्याचे ठिबकणारे पाणी पाहून बरोबरच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना, वाट चुकलेल्या पुत्रासाठी संत मोनिकेने ढाळलेल्या अश्रूंची आठवण झाली, अशी आख्यायिका तेथे परंपरेने सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, ते शहर जमिनीखालच्या पाण्यावर वाढले, ही गोष्ट मात्र खरी.

त्याच शहराच्या विहिरींच्या पाण्यात १९९५ साली एक अनोळखी रसायन आढळले. त्याचे प्रमाण वाढतच गेले आणि १९९६ साली चारनॉक व आर्केडिया या दोन्ही विहीरक्षेत्रांतील दूषित विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा सुमारे निम्मा वाटा एका वर्षात हातचा गेला. ना भूकंप झाला होता, ना पूर आला होता. शहरातील व आसपासच्या पेट्रोल पंपांच्या जमिनीखालील टाक्या व वाहिन्या गुपचूप गळत होत्या, इतकेच काय ते घडले होते.

जमिनीखाली काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. मग ही गळती शोधतात कशी? दोष कोणाचा हे ठरवतात कसे? आणि आपल्या अंगणातील विहिरीशी या साऱ्याचा संबंध काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

गळती होते का आणि कळत का नाही?

पेट्रोल पंपावर आपल्याला दिसते ते केवळ यंत्र व त्याची नळी. इंधनाचा खरा साठा जमिनीखाली, हजारो लिटर मावतील अशा टाक्यांत असतो. आग लागू नये म्हणून टाकी जमिनीत पुरणे योग्यच आहे. परंतु ज्या मातीने आगीपासून संरक्षण होते, तीच माती दोष झाकूनही ठेवते. पूर्वीच्या बहुतेक टाक्या साध्या पोलादाच्या व एकेरी भिंतीच्या असत. ओलसर, खारट मातीत पोलाद गंजते. सांधे सैल होतात, वाहिन्यांना तडे जातात, टँकरमधून टाकीत इंधन ओतताना थोडे सांडते. अनुभव असा की टाकीपेक्षा वाहिन्या आणि सांधे यांतूनच पुष्कळदा गळती सुरू होते.

दर सेकंदाला एक थेंब गळतो आहे, असे समजू या. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सुमारे सव्वाचार लिटर, महिन्याला सुमारे १३० लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक इंधन जमिनीत जाईल. एवढी तूट हिशेबात दिसणार नाही का, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर आहे, बहुधा दिसणार नाही. पेट्रोल उन्हाने प्रसरण पावते व थंडीने आकुंचन पावते. वीस हजार लिटर पेट्रोलाचे तापमान केवळ एका अंशाने बदलले, तरी त्याचे आकारमान सुमारे वीस लिटरांनी कमीजास्त होते. त्यातच मोजपट्टीतील चूक आणि यंत्रातील किंचित फरक मिसळतो. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत साठ्याच्या मासिक हिशेबात एकूण उलाढालीच्या एक टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे सुमारे ४९० लिटर, इतका फरक संशयास्पद मानला जात नाही. सेकंदाला एक थेंब गळणारी टाकी या चाळणीतून सहज निसटते. पंपमालक प्रामाणिक असूनही त्याला गळतीची खबर नसणे शक्य आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

जमिनीत पेट्रोल कसे वागते?

गळलेले पेट्रोल प्रथम गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपते. वाटेत त्याचा काही भाग मातीच्या कणांना चिकटून राहतो. काही भागाची वाफ होऊन ती मातीतील पोकळ्यांतून वर आणि आजूबाजूला पसरते. उरलेले इंधन भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचते आणि पाण्याहून हलके असल्यामुळे पाण्यावर तवंगासारखे तरंगते. पावसाळ्यात पाणी वर चढते, उन्हाळ्यात खाली उतरते. त्याबरोबर हा तवंगही वर-खाली होतो आणि मातीचा मोठा थर तेलकट करून सोडतो. शेवटी इंधनातील काही घटक पाण्यात विरघळतात आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर दूर जाऊ लागतात. अशा रीतीने तेच इंधन एकाच वेळी चार रूपांत जमिनीत असते : मातीला चिकटलेले, वाफ झालेले, पाण्यावर तरंगणारे आणि पाण्यात विरघळलेले. तपास करणाऱ्याला या चारही रूपांचा मागोवा घ्यावा लागतो.

विरघळणाऱ्या घटकांत बेंझिन सर्वांत घातक. ते माणसांत रक्ताचा कर्करोग निर्माण करते, हे सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी बेंझिनची मार्गदर्शक मर्यादा एका लिटरमागे १० मायक्रोग्रॅम इतकी ठेवली आहे. पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझिन असले, तर एक लिटर पेट्रोलात ते सुमारे ८.८ ग्रॅम भरते. ते सगळे विरघळले तर ही मर्यादा गाठण्यास सुमारे ८ लाख ८० हजार लिटर पाणी पुरेल! प्रत्यक्षात सगळेच बेंझिन पाण्यात उतरत नाही. तरीही थोड्या इंधनाने किती पाणी नासू शकते, याची कल्पना या हिशेबावरून येते.

वाफेचा धोका निराळा. १९९२ साली मेक्सिकोतील ग्वाडालाहारा या शहरात पेट्रोलच्या भूमिगत वाहिनीला छिद्र पडले. जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा नळ तिच्याजवळ टाकला गेला होता. दोन भिन्न धातू ओल्या मातीत एकमेकांच्या सान्निध्यात आल्याने वाहिनी झिजली आणि पेट्रोल गटारात उतरले. गटारांतून पेट्रोलचा वास येतो, अशी तक्रार रहिवासी काही दिवस करीत होते. पुनरुत्थान सणानंतरच्या बुधवारी, २२ एप्रिल रोजी, रस्त्यांखालची गटारे एकामागून एक उडाली आणि दोनशेहून अधिक लोकांना प्राण गमवावे लागले. नाकाने दिलेला इशारा कधीही क्षुल्लक मानू नये, हा त्या दुर्घटनेचा धडा होय.

पहिली पायरी : कागद आणि आठवणी

तपासाचा आरंभ खोदकामाने होत नाही. आधी कागद पाहतात. टाकी कोणत्या वर्षी पुरली, एकेरी भिंतीची की दुहेरी, शेवटची दाबचाचणी कधी झाली, रोजच्या साठ्याच्या नोंदीत तूट एकाच बाजूला सातत्याने दिसते का, हे तपासले जाते. एखाद्या दिवशी तूट तर दुसऱ्या दिवशी वाढ असेल तर ती मोजणीतील चूक असू शकते. परंतु महिनोन्‌महिने तूटच दिसत असेल, तर ती आकड्याने लहान असली तरी बोलकी असते. टाकीच्या तळाशी पाणी सापडते का, हेही पाहतात. कारण ज्या छिद्रातून इंधन बाहेर जाते, त्यातूनच भूजल आत येऊ शकते.

कागदांइतकीच माणसांची आठवण मोलाची. पूर्वी येथे दुसरा पंप होता काय? एखादा कारखाना, गॅरेज किंवा बस आगार होते काय? कित्येकदा व्यवसाय बंद होतो, वर इमारत उभी राहते आणि जुनी टाकी मात्र तळाशी थोडे इंधन घेऊन जमिनीतच राहते. अशा विसरलेल्या टाकीचा पत्ता नकाशात नसतो. तो गावातील वृद्धांना ठाऊक असतो. नंतर परिसरातील प्रत्येक विहीर, कूपनलिका, तळघर, गटार आणि ओढा यांची नोंद केली जाते. दूषण कोठून निघाले, कोणत्या मार्गाने जाते आणि कोणापर्यंत पोहोचते, या तीन प्रश्नांची उत्तरे जुळली म्हणजे तपास पूर्ण झाला असे मानतात.

दुसरी पायरी : माती बोलते

त्यानंतर मातीकडे वळतात. प्रथम लहान नळी जमिनीत खोवून मातीतील हवा ओढून घेतात आणि हातात धरण्याच्या उपकरणाने तिच्यात इंधनाची वाफ आहे का, हे तपासतात. वाफ कोठे दाट आणि कोठे विरळ, याचा नकाशा तयार झाला की छिद्रे कोठे पाडायची ते ठरते. मग टाकीच्या भोवती, वाहिन्यांच्या कडेने आणि यंत्रांच्या खाली छिद्रे घेऊन वेगवेगळ्या खोलीवरील माती अखंड दंडगोलाच्या रूपात वर काढली जाते. मातीचा रंग, वास, ओल व कणांची जाडी यांची जागच्या जागी नोंद होते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. मातीचा वरचा थर दूषित असून खालचा स्वच्छ असेल, तर इंधन वरून सांडले असण्याची शक्यता अधिक. वरचा थर स्वच्छ असून टाकीच्या तळापासून पुढे दूषण असेल, तर टाकीवर संशय जातो. टाकी व वाहिन्यांभोवतीची माती स्वच्छ आणि केवळ भूजलाच्या पातळीजवळचा थर तेलकट असेल, तर इंधन दुसरीकडून वाहत आले असणे संभवते. मातीच्या थरांची ही साक्ष नीट नोंदली नाही तर निर्दोष माणसावर आळ येऊ शकतो आणि दोषी मोकळा सुटू शकतो.

नमुने काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरून, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. उष्णतेने बेंझिन उडून जाते. उन्हात राहिलेला नमुना ‘दूषण नाही’ अशी खोटी ग्वाही देईल. नमुना कोणी घेतला, कोणाच्या हाती दिला, किती वाजता पोहोचला, याची लेखी साखळी ठेवली जाते. ती तुटली तर न्यायालयात अहवालाचे मूल्य उरत नाही.

तिसरी पायरी : तीन विहिरींचा त्रिकोण

भूजल कोणत्या दिशेला वाहते हे जमिनीच्या उतारावरून ठरवता येत नाही. त्यासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी त्रिकोणात खोदाव्या लागतात. प्रत्येकीतील पाण्याची पातळी एकाच दिवशी, एकाच संदर्भबिंदूपासून, मिलिमीटरपर्यंत मोजतात. ज्या विहिरीत पातळी उंच तिकडून, जिच्यात खोल तिकडे पाणी वाहते. दोन विहिरी पुरत नाहीत. कारण दोन बिंदूंवरून रेषा मिळते, उताराची दिशा मिळत नाही.

निरीक्षण विहीर म्हणजे छिद्रे असलेली नळी. छिद्रांचा भाग भूजलाच्या पातळीच्या थोडा वर आणि खाली येईल अशी ती बसवतात. छिद्रे केवळ खोलवर असली तर वर तरंगणारा तवंग विहिरीत शिरणारच नाही आणि पाणी स्वच्छ असल्याचा भ्रम होईल. नळीभोवती वाळू भरून वरच्या बाजूस बेंटोनाइट मातीचा घट्ट बुच बसवतात. अन्यथा पावसाचे पाणी नळीच्या कडेने उतरेल आणि तपासासाठी खोदलेली विहीरच दूषणाची नवी वाट होऊन बसेल.

प्रवाहाचा वेग काढण्याचे गणित सोपे आहे. उदाहरणादाखल, वाळूतून पाणी पाझरण्याचा गुणांक दिवसाला १० मीटर, भूजलाचा उतार एका किलोमीटरला ५ मीटर आणि वाळूतील पोकळी एक चतुर्थांश धरली, तर पाणी दिवसाला २० सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे ७३ मीटर सरकते. शंभर मीटरवरच्या विहिरीला आज वास आला, तर गळती काल सुरू झाली असे समजण्याचे कारण नाही. ती दीड-दोन वर्षांपूर्वीचीही असू शकते.

कठीण कातळात हे गणित फसते. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी फटींतून व सांध्यांतून धावते. जवळची विहीर कोरडी ठणठणीत स्वच्छ आणि दूरची दूषित, असा विचित्र प्रकार तेथे घडू शकतो. म्हणून कातळात विहिरींची संख्या वाढवावी लागते आणि फटींची दिशा अभ्यासावी लागते. उपशाचाही परिणाम होतो. मोठ्या पंपाने सतत पाणी ओढले तर भूजलाचा नैसर्गिक उतार बदलतो आणि दूषित पाणी त्या पंपाकडे खेचले जाते.

चौथी पायरी : प्रयोगशाळा आणि इंधनाची ओळख

प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्राने इंधनातील घटक एकमेकांपासून वेगळे केले जातात. बेंझिन, टोल्यूइन, इथाइलबेंझिन आणि झायलीन या चार घटकांचे प्रमाण प्रामुख्याने पाहतात. पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल यांची घटकरचना भिन्न असल्याने कोणते इंधन गळले हे ओळखता येते. जमिनीतील जीवाणू काही घटक लवकर खातात, काही उशिरा. त्यावरून गळती नवी की जुनी याचा अंदाज बांधता येतो. जुन्या काळी पेट्रोलात शिसे मिसळत असत. भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. त्यामुळे मातीतील इंधनात शिशाचे संयुग सापडले तर गळती त्याआधीची असावी, असा तर्क करता येतो.

पाण्याची नेहमीची तपासणी, म्हणजे जंतू, क्षार व जडपणा यांची परीक्षा, या कामी निरुपयोगी आहे. त्या परीक्षेत उत्तम ठरलेल्या पाण्यातही बेंझिन असू शकते. त्याची तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते.

सांता मोनिकाचा धडा

आता पुन्हा आपल्या आरंभीच्या शहराकडे वळू या. तेथे सापडलेले रसायन मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर, संक्षेपाने एमटीबीई, हे होते. शहरांतील हवा स्वच्छ राहावी, पेट्रोल पूर्ण जळावे, या चांगल्या हेतूने ते पेट्रोलात मिसळले जात होते. काही पेट्रोलांत त्याचे प्रमाण अकरा टक्क्यांपर्यंत होते. मात्र ते पाण्यात सहज विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही आणि जीवाणू त्याला सहजी खात नाहीत. त्याच १९९५ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या अभ्यासाने दाखवून दिले होते की बेंझिनचे दूषण बहुतेक ठिकाणी सुमारे ८० मीटरांच्या आत थांबते, कारण जीवाणू त्याचा फडशा पाडतात. तो निष्कर्ष दिलासा देणारा होता. पण एमटीबीईने तो दिलासा फार दिवस टिकू दिला नाही. ते बेंझिनला मागे टाकून पुढे गेले आणि शहराच्या उपसा विहिरींनी त्याला आपल्याकडे ओढून घेतले.

तपास करणाऱ्यांपुढे खरा प्रश्न होता तो संशयितांच्या संख्येचा. चारनॉक विहीरक्षेत्राच्या आसपास दोन डझनांहून अधिक संभाव्य उगमस्थाने होती. प्रत्येक ठिकाणची माती, पाणी आणि कागदपत्रे तपासून कोणाचा वाटा किती, हे ठरवणे हे वर्षानुवर्षांचे काम ठरले. तोवर शहराने बाहेरून पाणी विकत घेतले. २००३ साली तेल कंपन्यांशी समझोता झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात पेट्रोलमधील एमटीबीईचा वापर थांबला. नवे शुद्धीकरण केंद्र उभे राहून चारनॉकच्या विहिरींचे पाणी शहराला पुन्हा मिळाले ते २०१० च्या अखेरीस, म्हणजे तब्बल चौदा वर्षांनी. थेंबाथेंबाने झालेले नुकसान भरून निघण्यास एका पिढीचे बालपण खर्ची पडले.

अमेरिकेत १९८४ साली भूमिगत टाक्यांसाठी कायदा झाला. जुन्या टाक्या सुधारण्यासाठी १९९८ च्या डिसेंबरपर्यंत मुदत दिली गेली. त्या देशात आजवर साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली असून त्यांपैकी बहुसंख्य ठिकाणे स्वच्छ करण्यात आली आहेत. रोग मोठा आहे, पण असाध्य नाही, एवढे आश्वासन त्यातून घेता येईल.

शुद्धीकरण कसे करतात?

प्रथम गळती थांबवणे, टाकी रिकामी करणे व तेलकट माती काढणे. मग पाण्यावर तरंगणारे इंधन उपसणे. मातीतील वाफ पंपाने ओढून गाळणे, भूजलात हवा सोडून विरघळलेले घटक उडवणे, जीवाणूंना प्राणवायू पुरवून त्यांच्याकडून काम करवून घेणे, असे उपाय परिस्थिती पाहून योजले जातात. काही ठिकाणी निसर्गावर सोपवून केवळ नियमित देखरेख ठेवतात. परंतु तपास पुरेसा झाला असेल तरच हा मार्ग न्याय्य ठरतो. तपास न करता स्वस्थ बसणे याला उपाय म्हणत नाहीत.

भारतात आता पेट्रोलात इथेनॉल मिसळले जाते आणि २०२५ साली हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल स्वतः लवकर कुजते. मात्र जीवाणू आधी त्याच्यावर तुटून पडतात, जमिनीतील प्राणवायू संपवतात आणि बेंझिन तेवढे दिवस शिल्लक राहून अधिक दूर जाऊ शकते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत पाणी शिरले तर गंजण्याचा धोका वाढतो. टाक्यांची निगराणी पूर्वीपेक्षा अधिक दक्षतेने व्हावी, असाच याचा अर्थ होतो.

आपल्या विहिरी, आपली बावखले

वसईच्या किनारपट्टीवर वाळूमिश्रित जमीन, उथळ विहिरी आणि बावखले यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाड्या शिंपल्या. या पाण्यासाठी आपल्या समाजाने आंदोलने केली. हरित वसईच्या चळवळीत दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेले कार्य सर्वांच्या स्मरणात आहे. उपसा अतोनात झाला तर विहिरी आटतात, खाऱ्या होतात, हे आपण जाणतो. वर सांगितल्याप्रमाणे अतिउपसा दूषित पाण्यालाही आपल्याकडे खेचतो, हा त्याच प्रश्नाचा दुसरा पैलू आहे. वाळूमिश्रित जमिनीत पाणी झटकन मुरते. जे पावसाच्या पाण्याला लागू, तेच पेट्रोललाही लागू.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, रुग्णालये व निवासी क्षेत्रे यांच्यापासून पंप ५० मीटर दूर असावा आणि जागेची अडचण असली तरी हे अंतर ३० मीटरपेक्षा कमी नसावे, असे त्यांत म्हटले आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले. दूषित असल्याचा संशय असलेल्या जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने कळवावी, तज्ज्ञांकरवी त्यांची तपासणी व्हावी आणि शुद्धीकरणाचा खर्च दूषण करणाऱ्याने सोसावा, ही त्यांची दिशा आहे. नियम कागदावर आहेत; त्यांना जाग आणण्याचे काम नागरिकांचे आहे.

आपल्या विहिरीला पेट्रोल वा डिझेलचा वास आला, पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. ते पाणी पिणे, स्वयंपाकाला व आंघोळीला वापरणे तत्काळ थांबवावे. उकळल्याने पाणी शुद्ध होईल असे समजू नये. उलट वाफ घरात पसरेल.

२. विहिरीजवळ आगकाडी, विडी, दिवा नेऊ नये. पंपाची मोटर सुरू करू नये. पाहणीसाठी कोणीही विहिरीत उतरू नये. वाफेने गुदमरून मृत्यू येऊ शकतो.

३. पाणी उपसून ओढ्यात किंवा शेजारच्या खाचरात सोडू नये.

४. वास प्रथम कधी आला, पाऊस होता काय, पाण्याची पातळी किती होती, याची तारीखवार वही ठेवावी. आजूबाजूच्या विहिरींचीही विचारपूस करावी.

५. अग्निशमन दल, ग्रामपंचायत किंवा महानगरपालिका, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जवळच्या पंपाचे चालक यांना लेखी कळवावे व पोच घ्यावी.

६. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून बेंझिन व इंधनघटकांची तपासणी मागावी. नमुना शक्यतो त्यांच्याच माणसांकडून घ्यावा.

७. अहवाल हाती येईपर्यंत कोणावरही जाहीर आरोप करू नये.

शेवटचा मुद्दा काहींना मवाळ वाटेल. परंतु पंप चालवणारा मनुष्यही आपला शेजारीच असतो आणि आठवी आज्ञा त्याच्या बाबतीतही लागू आहे. दुसऱ्या बाजूने, दोष आढळल्यावर तो दडपणे, अहवाल लांबवणे, ‘पाणी ठीक आहे’ असे न तपासता सांगणे, हाही खोट्या साक्षीचाच प्रकार होय. माती व पाणी यांचा प्रामाणिक तपास दोन्ही पापांपासून वाचवतो.

उगमाकडे चला

जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात यरीहोच्या नागरिकांची कथा आहे. नगर छान आहे, पण पाणी वाईट आहे आणि भूमी नापीक झाली आहे, असे गाऱ्हाणे घेऊन ते अलीशा संदेष्ट्याकडे आले. अलीशाने लोकांच्या घरोघरच्या घागरी मागवल्या नाहीत. तो पाण्याच्या उगमाकडे गेला आणि तेथे ते पाणी निर्दोष केले. चमत्कार देवाचा होता. पण उगमाकडे चालत जाण्याचे कष्ट माणसाने घेतले होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचे सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे ठामपणे मांडले आहे. विहीर नासली तर ज्याच्याजवळ पैसा आहे तो बाटलीचे पाणी आणतो, टँकर मागवतो. ज्याच्याजवळ नाही, तो तेच पाणी लेकरांना पाजतो. म्हणूनच भूजलाच्या तपासाचा प्रश्न हा केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही, तो शेजारधर्माचा होतो.

दरवर्षी १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरला येणाऱ्या संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणापर्यंत ख्रिस्तसभा सृष्टीचा काळ पाळते. या काळात प्रत्येक धर्मग्रामात आपापल्या विहिरी, बावखले व कूपनलिका यांची एक साधी यादी व नकाशा तयार झाला, जुने पंप व गॅरेज कोठे होते हे वृद्धांकडून विचारून त्यात नोंदले गेले, तर उद्या एखाद्या घरी पाण्याला वास आल्यास तपासाची पहिली पायरी आधीच पूर्ण झालेली असेल. सायखार गावाजवळच्या याकोबाच्या विहिरीवर तहानलेल्या प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले. आपल्या दारी कोणी तसे मागितले, तर त्याच्या ओंजळीत निर्धास्तपणे ओतता येईल असे पाणी आपल्या विहिरीत असावे, यासाठी झटणे हीदेखील एक प्रार्थनाच आहे.